हिवाळेकाकांचं सुधारलेलं रक्त

हिवाळेकाकांचं रक्त मी सुधारलं. ही माझी चूक होती, हे आधीच कबूल करून टाकतो. यात चूक ती कसली, असं कुणीही म्हणेल. माझी बायकोही म्हणाली होती. पण हे सगळं झालं तेव्हापासून मला समोरच्या घराकडे सरळ बघता येत नाही, आणि आमचं घर असं आहे की दार उघडलं की समोरचंच घर दिसतं.

नामदेव हिवाळे मूळचे धाड गावचे. नोकरी संपल्यावर बुलढाण्यात आमच्या कॉलनीत, आमच्या समोरच घर बांधून राहिले. नोकरी कापूस खरेदी केंद्रावर, ग्रेडरची. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला मूठभर कापूस बाहेर ओढायचा, दाबायचा, धागा ताणायचा आणि माल कोणत्या प्रतीचा, त्यात ओल किती, हे सांगून टाकायचं. केंद्र सुटलं, पण सवय सुटली नाही. आता ते माणसांची प्रत ठरवतात.

"जयभीम, सर. हिमोग्लोबिन किती?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मी सर. हा प्रश्न मला त्यांनी पहिल्यांदा विचारला तेव्हा मी गॅसची टाकी उचलत होतो. मी म्हणालो, "माहीत नाही."

"काय राजेहो! सायन्सचे मास्तर अन् सोताचा माल तपासला नाही?"

गल्लीतल्या प्रत्येकाची त्यांनी अशी प्रतवारी केलेली आहे. कोपऱ्यावरच्या अंगणवाडीच्या बाई एफएक्यू, म्हणजे केंद्राच्या भाषेत चांगल्या सरासरी प्रतीचा माल. बँकेतले देशमुख दिसायला गोरेगोमटे, पण "वरून झकास, आतून कवडी". कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. देशमुखांनी हे मनावर घेऊन कोलेस्टेरॉल तपासलं, तर ते खरोखरच वाढलेलं निघालं. तेव्हापासून देशमुख काकांना घाबरतात आणि रस्ता बदलून जातात.

काकांची स्वतःची प्रत मात्र सगळ्यात वाईट होती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

त्यांची मुलगी सुजाता पुण्याला असते. काकू गेल्यानंतर तिनं फोनवरून बाबांची सगळी तपासणी ठरवली. लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रिपोर्ट सुजाताच्या मोबाइलवर गेला. तिनं तो काकांना पाठवला, आणि काकांनी मला वाचून दाखवला तो बाजारभाव सांगावा तसा. "हिमोग्लोबिन साडेनऊ, पडलं. डी अकरा, पार बसलं. कोलेस्टेरॉलले मात्र तेजी हाय."

मी शिक्षक. समजावून सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुरुषाचं हिमोग्लोबिन तेराच्या वर हवं, ते कमी म्हणून जिना चढताना धाप लागते. ड जीवनसत्त्व तीसच्या आसपास हवं, ते कमी म्हणून हाडं आणि पिंढऱ्या दुखतात. आणि कोलेस्टेरॉल सगळं वाईट नसतं, त्यात एक चांगलं असतं, ते वाढायला हवं, वाईट ते कमी व्हायला हवं.

"म्हणजे माह्यं चांगलं कमी अन् वाईट जास्त," काका समाधानानं म्हणाले. "सुजाता लय घाबरली, सर. रडली फोनवर."

त्या दिवसापासून सुजाताचा रोज संध्याकाळी फोन यायला लागला. व्हिडिओ कॉल. काका ओट्यावर खुर्ची टाकत, समोरच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या ठेवत आणि तांब्याला मोबाइल टेकवून उभा करत. कान जरा मंद, म्हणून आवाज मोठा. सगळ्या गल्लीला ऐकू यायचं.

"बाबा, आज काय खाल्लं?"

"पालक."

"काल बी पालकच सांगतला होता."

"मंग? पालक खाऊ खाऊ आता मले पानं फुटून राह्यले."

"उन्हात बसले होते का?"

"हाव."

"खोटं. बाबा, तुमी कॅमेऱ्याकडं पाहून बोला बरं."

हे पाच मिनिटं चालायचं. मग गोष्ट दुसरीकडे वळायची. नातीचा दात पडला, तो कॅमेऱ्यासमोर दाखवला जायचा. धाडच्या आत्याची भांडणं निघायची. सुजाता विचारायची, आई वांग्यात खसखस घालत होती का खोबरं? काका म्हणायचे, खसखस. ती म्हणायची, नाही हो, खोबरं. काकूंचं नाव एरवी काकांच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही. ते फक्त त्या तांब्यासमोर निघायचं.

हे सगळं मी माझ्या ओट्यावर वह्या तपासत ऐकायचो. आणि इतकं ऐकूनही मला एवढंच कळलं की काका औषधपाण्याच्या बाबतीत लेकीशी खोटं बोलतात.

कारण ते उन्हात बसतच नव्हते. बुलढाणा डोंगरावरचं गाव. हिवाळ्यात सकाळी अख्खी गल्ली उन्हाला येते आणि ऊन सरकेल तशा खुर्च्या सरकवते. काका उलटे. ते सावली सरकेल तशी खुर्ची सरकवायचे. वर कानटोपी, मफलर, स्वेटर. मी म्हणालो, "काका, आयुष्यभर शेतकऱ्यांना सांगितलंत, कापूस उन्हात टाका, वाळवून आणा. स्वतः का बसत नाही?"

"माल वाळला का वजन घटते, सर," काका म्हणाले.

मी हसलो. मला तो विनोद वाटला.

मग मी हे काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझा स्वभावच तसा आहे, वर्गातल्या कच्च्या पोराच्या मागे लागतो तसा मी काकांच्या मागे लागलो. त्यांना डॉक्टरांकडे नेलं. या वयाच्या पुरुषाचं रक्त उगाच कमी होत नाही, आधी कारण शोधू, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्या झाल्या. काका गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून उपाशीपोटी खायचे, त्यानं पोटात आतल्या आत थोडं थोडं रक्त जात होतं. त्या गोळ्या बंद झाल्या. लोहाच्या सुरू झाल्या. ड जीवनसत्त्वाची आठवड्यातून एक पुडी, कोलेस्टेरॉलची एक गोळी, तळलेलं कमी, रोज चालणं.

काका गोळी हातात घ्यायचे आणि लगेच वर चहा मागायचे. मी सांगायचो, चहानं लोह अंगी लागत नाही, लिंबूपाणी घ्या. काका म्हणायचे, "लोखंड अंगी लागून मले काय ट्रॅक्टर व्हाचं हाय?"

सकाळी ऊन जरा वर आलं की मी त्यांची कानटोपी काढून घ्यायचो. शाल गुंडाळून कोवळ्या उन्हात बसून ड जीवनसत्त्व फारसं मिळत नाही, हात-पाय-पाठ उघडी हवी. काका बनियनवर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओरडून सांगायचे, "पाहा हो, सरनं मले वाळत घातलं!"

एकदा त्यांच्या गुलाबाच्या कुंडीत मला लोहाच्या गोळ्या सापडल्या. मातीत नीट पुरलेल्या. मी रागावलो. काका खाली मान घालून म्हणाले, "गुलाबाले बी हिमोग्लोबिन लागते ना." त्यानंतर मी गोळी समोर उभा राहून गिळायला लावू लागलो. तोंड उघडून दाखवा, जीभ वर करा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला मी हे करायला लावलं.

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या दिवशी ते घरात नव्हते. धाडचा बाजार होता. संध्याकाळी ते जीपमधून उतरले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला भज्यांच्या तेलाचा वास येत होता आणि हातात जिलबीचा पुडा होता.

"काका, उद्या रक्त द्यायचंय ना!"

"म्हणूनच गेलतो," काका म्हणाले. तेही मी विनोदातच घेतलं.

पण एका दिवसाच्या भज्यांनी तीन-चार महिन्यांची मेहनत बुडत नाही. रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेतेरा, डी तेहतीस, वाईट कोलेस्टेरॉल पुष्कळ खाली. डॉक्टर म्हणाले, छान, गोळ्या चालू ठेवा, आता मधूनमधून तपासू. मला वर्गातला कच्चा पोरगा प्रथम श्रेणीत पास झाल्याचा आनंद झाला. काकांनी आकडे ऐकले आणि म्हणाले, "आता एफएक्यू झालो म्हणा." आवाज अगदी खाली होता. मला वाटलं, दमले असतील.

आणि मी सुजाताला मेसेज केला. तो मला पाठ आहे. "अभिनंदन! बाबा आता ठणठणीत. आता काळजीचं काही कारण नाही."

तिचं लगेच उत्तर आलं, "थँक्यू दादा. केवढं ओझं उतरलं."

तिला दोष देऊ नये. नोकरी, लहान मुलगी, घरी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. एक काळजी मिटली, तर ती दुसऱ्या काळजीकडे वळली. फोन आधी एक दिवसाआड झाला. मग रविवारी. मग रविवारीही सकाळी घाईत, "बाबा, बरं आहे ना? गोळ्या चालू आहेत ना? ठेवते." मधले दिवस फुलांच्या फोटोवर शुभ सकाळ लिहिलेलं यायचं. काका ते फोटो मला दाखवायचे. "पाहा, आज कमळ आलं."

संध्याकाळचा तांब्या मात्र स्टुलावर रोज यायचा. काका मोबाइल टेकवून उभा करायचे आणि समोर बसायचे. पडदा काळा झाला की बोटानं टिचकी मारून पुन्हा उजळायचे.

एका संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मलाच बरं वाटलं. पण पलीकडून कर्ज हवं का विचारणारी कुणी मुलगी होती. काका तिला म्हणाले, "कर्ज नको, बाई. तुह्यं हिमोग्लोबिन किती हाय? तपासलं नाही? तपास बरं. अन् जेवली का?" तिनं फोन ठेवला. काका तरी थोडा वेळ कानाला लावून बसले होते.

मी वही मिटली. माझी आई साखरखेर्ड्याला धाकट्या भावाकडे असते. तिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तिला मी शेवटचा फोन कधी केला, हे मला त्या क्षणी आठवेना.

रस्ता ओलांडून मी काकांच्या ओट्यावर गेलो. उकाडा होता तरी त्यांनी कानटोपी घातली होती. स्टुलावर बिनलिंबाचा, काळा, कडक चहा होता आणि शेजारी लोहाची गोळी तशीच पडली होती.

"काका, हे काय?"

त्यांनी गोळी बोटानं जरा बाजूला सारली. मग म्हणाले, "सर, लोक कापसावर पाणी मारून आणत. वजन वाढावं म्हणून. मी हात घालताच वळखो. कितीकांच्या गाड्या मी वापस केल्या, तोंडावर चोर म्हटलं. आता मीच पाणी मारून राह्यलो. ओला होतो तर पोरगी रोज उचलून पाहे. तुमी वाळवलं अन् वजन गेलं."

समोर उभा राहून मी त्यांची जीभ वर करून तपासली होती. आणि हे मला दिसलं नव्हतं.

"काका, माझं चुकलं," मी म्हणालो.

"तुमचं काय चुकलं? तुमी माल सुधरोला," ते म्हणाले. मग एकदम पुढे वाकले, डोळ्यांत जरा चमक आली. "पण तुमाले खरंच वाईट वाटून राह्यलं ना, तर एक करा. तिले फोन लावा अन् सांगा, हिमोग्लोबिन पडलं. तुमी सायन्सवाले, तुमच्यावर तिचा विश्वास हाय. लय नका पाडू. अकरा म्हणा."

मी आधी गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि चहा माझ्याकडे ओढून घेतला. मग त्यांचाच मोबाइल उचलला, सुजाताला लावला आणि तांब्याला टेकवला. तिनं उचलला. मागे कुकरच्या शिट्ट्या, नातीचं रडणं. मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"दादा, काय झालं? बाबांचं काय कमी आलं?"

काका कॅमेऱ्याच्या बाहेर सरकून बसले होते आणि मला दोन्ही हातांची बोटं दाखवून, वर आणखी एक, अकराची खूण करत होते.

"काही कमी नाही आलं," मी म्हणालो. "रक्त चांगलं आहे. पण मी तुला लिहिलं होतं ना, आता काळजीचं काही कारण नाही म्हणून? ते मी चुकीचं लिहिलं होतं, सुजाता. माझं चुकलं. मला माफ कर. तू रोज काळजी कर."