फाटक उघडे राहिले त्याची दुरुस्ती

आरंभी बागेतील थोरल्या ग्रॅव्हेनस्टाइन जातीच्या सफरचंदाच्या झाडास वंदन करून लिहितो ऐसेजे. नोव्हा स्कोशियाचे ॲनापोलिस खोऱ्यात किन्समन घराणे चार पिढ्या सफरचंदे पिकविते, आणि कागद हरवतो, भिंत हरवत नाही, या मसलतीने पणजोबांनी वखारीच्या पूर्वेकडील भिंतीच्या फळ्यांवर शिसपेन्सिलीने दफ्तर घातले, मग जो जो कर्ता झाला त्याने मोहोर कधी, कडाका कधी, पहिली पेटी कधी भरली हे तेथेच लिहिले. ऐसे नव्वद वर्षांचे दस्तऐवज उभे होते.

सन दोन हजार तेवीस, ऑगस्टात, गावच्या इतिहास मंडळाचा खलिता आला की शनिवारी येऊन भिंतीची छायाचित्रे घेऊ. तो वाचताच बागेच्या मुखत्यार व्हर्नाबाईसाहेब, वय चौऱ्याहत्तर, यांनी फर्मान सोडिले की शुक्रवारी भिंतीस पांढरा रंग द्यावा. जाहीर कारण स्वच्छता, खरे कारण खिडकीशेजारी, वडिलांच्या हस्ताक्षरात: "जून १९६१. व्हर्नाने फाटक उघडे टाकले. गायींनी चाळीस कलमे खाल्ली."

हे ऐकून धाकटे बंधू ऑरिनराव, वय एकाहत्तर, ग्रंथप्रिय, फोन वाजला तरी दचकणारे, यांचा धीर खचला. भिंत गेली तर घराणे मुके होईल हे ते जाणत, आणि आणखी एक गोष्ट जाणत. बाका प्रसंग. मग त्यांनी पत्र लिहिले, मग फाडले, आणि मग ब्लूबेरीचा केक नजर करून तहाची बोलणी लाविली. बाईसाहेबांनी केक ठेवून घेतला आणि तह फेटाळिला.

शुक्रवारी बाईसाहेब ब्रश बुचकळीत असता ऑरिनराव जातीने चालून गेले.

"ते फाटक तू नव्हतं उघडं टाकलंस, व्हर्ना. मी टाकलं. पुस्तक वाचत चाललो होतो."

"आणि मी दोन महिने गोठा झाडला."

"हो. मी घरातून बघायचो."

"बासष्ट वर्षं, ऑरिन?"

"सांगणारच होतो. विषयच निघाला नाही."

"दर ख्रिसमसला निघायचा, शहाण्या. बाबा टर्की कापायला घेतली की गायींवर यायचे."

मग बाईसाहेबांनी ब्रश खाली ठेविला, दोरीला बांधलेली पेन्सिल पुढे केली, आणि ऑरिनरावांनी वडिलांच्या नोंदीखाली लिहिले: "दुरुस्ती. ऑरिनने." बाईसाहेबांनी पेन्सिल हिसकून भर घातली: "पुस्तकामुळे."

येणेप्रमाणे पूर्वेची भिंत राखिली. शनिवारी मंडळाचे लोक आले, तो खासा बाईसाहेब त्या दुरुस्तीवर बोट ठेवून उभ्या होत्या, आणि प्रत्येक छायाचित्रात ते बोट आहे. तहान्वये उरलेल्या तीन भिंती ऑरिनरावांनी एकट्याने रंगविल्या, आणि दोन महिने गोठा झाडण्याची कामगिरीही त्यांसच बहाल झाली. गोठ्यात हल्ली गायी नाहीत. तरी झाडला. फत्ते जाहली, ऐसे भिंतीस विदित आहे.