नानांचा दुसरा मुखवटा

मोताळा व पंचक्रोशीतील समस्त स्त्री-पुरुष, व्यापारी, गाडीवान आणि बैलजोड्या यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बाजारातील मापारी श्री. सुखदेवनाना हे सध्या झोपलेले आहेत. जो आवाज येत आहे तो त्यांचाच आहे, तरी कोणी घाबरू नये. आवाज थांबल्यास मात्र मिळेल त्या वाहनाने धावत यावे.

अशी दवंडी आमच्या गावात रोज पिटायला हवी होती. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं, मी पंचायत समितीत नवानवा कारकून होतो, आणि नाना माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. त्यांच्या घरात सागवानी पलंग होता, त्यावर हातभर जाडीची गादी होती. पण त्या पलंगावर दोन वर्षांत नानांची पाठ टेकलेली कोणी पाहिली नव्हती. ते झोपत ते चारचौघांत. कापसाच्या गंजीवर, न्हाव्याच्या बाकावर, लग्नाच्या मांडवात. एकदा तर सभापतींच्या भाषणात, पहिल्या रांगेत, हार घातलेल्या खुर्चीवर.

त्यांचं घोरणं हा एक प्रयोग असे. आधी खडकाळ वाटेवरून रिकामी बैलगाडी जाई. मग करवत लागे. करवत वर वर चढत जाई, आणि ऐन टिपेला गेली की एकदम चिडीचूप. बाजार थांबे. वांगी निवडणारी बाई हातात वांगं धरून उभी राही. मग जो जवळ असेल तो नानांच्या बरगडीत बोट खुपसे, आणि नाना घशातून तोफ उडवून उठत, "हाय मी, हाय!" जणू मास्तरांनी हजेरी घेतली.

एकदा बुलढाण्याला जाताना घाटात नानांचं घोरणं असंच थांबलं, तर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं. त्याला वाटलं, इंजिन बसलं. ही गोष्ट मी सांगतो तेव्हा लोक हसतात आणि म्हणतात, काहीही. मी त्या गाडीत होतो.

पण एका बाजाराच्या दिवशी हसायचं राहून गेलं. चार बोटं खुपसली तरी नाना उठेनात. ओठ निळे पडले. शेवटी कोणीतरी तांब्याभर पाणी तोंडावर मारलं तेव्हा तोफ उडाली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि नानांना बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं.

नंबर लागेपर्यंत नाना बाकावर झोपले. डॉक्टर तरुण होते. आवाज ऐकून ते खोलीतून बाहेर आले, घड्याळ हातात धरून नानांसमोर उभे राहिले आणि पाऊण तास हलले नाहीत. मग म्हणाले, "नाना, झोपेत तुमचा श्वास बंद पडतो. घशातल्या गाठी वाढल्यात, त्या वाट अडवतात. काढाव्या लागतील. नाही काढल्या, तर एखाद्या दिवशी बंद पडलेला श्वास सुरूच होणार नाही."

"काढा ना मंग," नाना छाती काढून म्हणाले. "मले कायचं भेव?"

डॉक्टरांनी कपाटातून तारेच्या जाळीचं, वाटीएवढं काहीतरी काढलं. "हा मुखवटा तोंडावर ठेवायचा, वरून औषधाचे थेंब टाकायचे. तुम्हाला गाढ झोप लागेल."

नानांनी जाळीकडे पाहिलं, टोपी उचलली आणि ते अनवाणीच एस.टी. स्टँडकडे चालू लागले.

मी मागे धावलो. मला राग आला होता, कारण मुखवट्याला भ्यावं असं नानांचं चरित्रच नव्हतं. वैशाखात आमच्या आळीत सोंगं निघत आणि त्यात नरसिंह व्हायचे ते नाना. कागदाच्या लगद्याचा तो मुखवटा घमेल्याएवढा होता आणि त्याला श्वास घ्यायला दोनच भोकं होती. तो घालून नाना आळीभर गर्जना करत फिरत. एक रीत कडक होती. मुखवटा ज्याचा त्याने कुंकू लावून आपल्या हाताने चढवायचा. आणि उतरवला की घरच्या माणसाने तीनदा नावाने हाक मारायची, म्हणजे अंगातला देव जातो आणि माणूस परत येतो. नानांना हाक मारत गोदाकाकू. वर्षभर "अहो, ऐकलं का" म्हणणारी ती बाई त्या एका दिवशी भर आळीत "सुखदेव! सुखदेव! सुखदेव!" असा खणखणीत पुकारा करी, आणि मग पदरात तोंड लपवून घरात पळे. दोन वर्षांमागे काकू गेल्या. नानांनी मुखवटा कोनाड्यात ठेवला तो ठेवलाच.

"नाना," मी स्टँडवर त्यांना गाठून म्हणालो, "नरसिंह झालेला माणूस तुम्ही! या चहाच्या गाळणीले भेता काय बे?" रागाच्या भरात मी वडीलधाऱ्या माणसाला बे म्हणालो. त्यांनी मनावर घेतलं नाही.

"मुखवट्याले कोन भेते?" ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "चढवनारे लय हायेत, बापू. उतरल्यावर हाक कोन मारंल? लेक लोणारले. अन् तू इचारतं ना, घरी काऊन निजत नाही? अबे, रातभर गोदी जागी राहे. श्वास थांबला का बरगडीत बोट ढोसे. आता घरी ढोसनारं कोन हाय?"

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाबा, चपला राह्यल्या तुमच्या." दवाखान्यातली नर्स होती, सोनाळ्याची कमलताई, हातात नानांच्या चपला घेऊन. तिने सगळं ऐकलं होतं. "शुद्धीवर आनाले आम्ही बी नावानंच हाक मारतो," ती म्हणाली. "गालावर चापट्या बी देतो. उठल्याबिगर सोडत नाही."

नानांनी मान वर केली. "तीनदा?"

"लागलं तं तीसदा."

"नुसतं नाव? नाना, बाबा काही नाही?"

"नुसतं नाव."

नानांनी चपला घातल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर होतो. आतलं कमलताईने नंतर सांगितलं. नानांनी कोणाला तोंडाला हात लावू दिला नाही. जाळी स्वतःच्या हातात घेतली, कपाळाला लावली आणि कुंकू मागितलं. कुंकू कुठलं? कमलताईने जखमेला लावायच्या लाल औषधाचं बोट जाळीच्या कडेला टेकवलं. "एवढासा मुखवटा?" नाना म्हणाले, "माह्या नरसिंहाच्या नाकपुडीत मावंल!" आणि आपल्या हाताने मुखवटा चढवला. पुढची गर्जना मात्र मी स्वतः ऐकली. वॉर्डातल्या दोन रुग्णांचा ताप उतरला, असं मी सांगत असतो.

बऱ्याच वेळाने आतून चापटीचा आवाज आला आणि पाठोपाठ कमलताईचा पुकारा, "सुखदेव!" काही नाही. "सुखदेव!" काही नाही. मी दाराची कडी घट्ट धरली. "ए सुखदेव!"

"हाय मी," आतून फाटका आवाज आला. "हाय."

आठवडाभराने नाना घरी आले. ती दुपार बाजाराची होती. नाना गंजीकडे आले नाहीत, न्हाव्याकडे गेले नाहीत. सरळ घरात गेले आणि सागवानी पलंगावर आडवे झाले. आम्ही कान देऊन बसलो. ना बैलगाडी, ना करवत. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. एवढी शांतता मोताळ्याला सोसवेना. न्हावी वस्तरा घेऊनच उठला, वांगीवाली टोपलं सोडून आली, आणि अर्धा बाजार नानांच्या दारात जमला. "बापू, आत जाऊन पाह्य ना बे!" कोणीतरी मला आत ढकललं.

नाना कुशीवर होते. छाती संथ वरखाली होत होती, पण घाबरलेल्या माणसाला ती कुठे दिसते? मी सगळा जोर लावून त्यांच्या बरगडीत बोट खुपसलं. नानांनी एक डोळा उघडला, दारातल्या गर्दीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"निजू दे ना बे! इतकं तं गोदी बी ढोसत नव्हती!"