मी मशीनची हवा वाढवतो

नारूकाकाच्या होडीचं मशीन मी एका सकाळीत दुप्पट पळवणार होतो! शंकाच नव्हती. व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता आणि मी तो नऊ वेळा पाहिला होता. २०१७ साल, स्वस्तातलं नेट. आमच्या वरोर गावात तेव्हा प्रत्येक जण कशाचा ना कशाचा तज्ज्ञ झाला होता.

व्हिडिओतला माणूस कार्बोरेटरवाल्या रोटरी इंजिनात जास्त हवा कशी घुसवायची ते सांगत होता. आमच्या मशीनलाही कार्बोरेटर होता. पाण्यातला पंखा गोल फिरायचा. म्हणजे रोटरीच की!

"भाविक, उद्या भरतीला निघायचंय," काका म्हणाला. "मशीन नीट चाललं तर तू मशीनवर. नाहीतर जन्मभर बर्फ."

तीन वर्षं मी होडीत फक्त बर्फ फोडत होतो.

कार्बोरेटर उतरवला. त्यातून इंजिनाकडे हवा नेणारी नळी म्हणजे मॅनिफोल्ड. ती आतून पॉलिशपेपरने इतकी घासली, की काकाच्या मुलीने, रुपलने, तिच्यात बघून टिकली लावली. मग कार्बोरेटरच्या तोंडावर जुन्या जाळ्याचा एक तुकडा घट्ट बांधलेला दिसला. धावणाऱ्याच्या नाकावर पोतं! कापून फेकला.

सगळं परत जोडून मशीन तपासायला पाण्याच्या ड्रमवर लावलं. ड्रमला सपाट जागा एकच, मासळी वाळवायच्या खळ्याच्या कडेला. खळ्यावर हंसाकाकीचा जवळा, म्हणजे अगदी बारीक कोलंबी, वाळत होता, कासा गावच्या बाजारात जाणारा.

"चप्पल घालून आत आलास तर बघ!" काकीने बजावलं.

मी चप्पल काढली. एवढी काळजी कोण घेतं?

दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात चालू! काय तो आवाज! काका हसला. काकाला हसताना मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होतो.

वाळलेला जवळा वजनाने अफवेइतका. वारा सुटला, जवळा उडाला आणि माझ्या चकचकीत नळीने तो आत ओढला. कार्बोरेटरमधली हवेची झडप उघडीच अडकली. मशीन किंचाळायला लागलं.

"कमी कर!" काका ओरडला.

"होत नाही!"

"मग बंद कर!"

बंद करायची वायर मी सकाळीच काढून ठेवली होती. व्हिडिओत कुणी बंद करतच नव्हतं!

पंख्याने ड्रममधलं पाणी उचलून थेट खळ्यावर ओतलं. चार दिवस उन्हात वाळलेला जवळा पुन्हा पोहण्याच्या बेतात आला. धुरातून तळणीचा वास सुटला. कुठून कुठून सात मांजरं आली आणि मशीनभोवती पंगत धरून बसली. शेवटी मशीनला ठसका लागला आणि ते गप्प झालं.

मी माझ्या अनवाणी पायांकडे बघत होतो. काकीने केसांतली पिन काढली आणि कार्बोरेटरच्या घशातून मूठभर जवळा उपसला.

"इथला तुकडा कुठे गेला?"

"हवा अडवत होता, काकी."

"जवळा अडवत होता, बाबा! मीच बांधलेला. आमच्या लग्नाच्या वर्षी तुझ्या काकानेही हाच शहाणपणा केला होता!"

काका ड्रममध्ये वाकून काहीतरी शोधायला लागला. ड्रम रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी, जाळ्याचा नवा तुकडा बांधलेलं मशीन भरतीला नेहमीच्या वेगाने निघालं. मशीनवर काका स्वतः. मला बर्फसुद्धा मिळाला नाही. मी खळ्यावर, हातात काठी, पुन्हा वाळत घातलेल्या जवळ्यावरचे कावळे हाकत. कावळे मला घाबरत नाहीत. बहुतेक त्यांनीही बघितलं असावं.

सात मांजरं मात्र रोज ठरल्या वेळी येतात आणि माझ्याकडे मोठ्या आशेने बघत बसतात.