शेवाळावर उतरलेली मेंढरं

एका जंगलात गवत संपलं. हो बाळांनो, जंगलातही संपतं. जंगलाच्या एका अंगाला समुद्र होता आणि समुद्रात एक बेट होतं. बेटावर गुडघाभर गवत वाढलेलं. तेव्हा असं ठरलं की पंचवीस मेंढरांना गलबतात घालून तिकडे पोचवायचं.

गलबत एका ऊदमांजराचं होतं. त्याला सगळे तांडेल म्हणत, कारण सुकाणू त्याच्या हातात असे. निदान तो जागा असेपर्यंत. हाताखाली दोन माकडं खलाशी होती, झिपऱ्या आणि टकल्या.

भर दुपारी वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबू लागलं. तांडेल पोटभर मासे खाऊन आडवा झाला. माकडांनी माडीचं मडकं काढलं. ते संपल्यावर त्यांना कंटाळा आला.

पाण्यावर शेवाळाचा मोठा हिरवागार पट्टा तरंगत होता. झिपऱ्यानं मेंढरांना सांगितलं की बेट आलं. टकल्यानं उतरायची फळी बाहेर सरकवली. मग दोघं डोलकाठीवर चढून बसले, गंमत बघायला.

म्होरक्या मेंढा ऐटीत फळीवर चढला आणि उतरला. त्याच्यामागे दुसरं मेंढरू, दुसऱ्यामागे तिसरं. अकरावी होती बोंडी. बाराव्या नंबरावर तिची आई, सावरी.

सावरीनं पाय टाकण्याआधी खाली पाहिलं. गवत हलत होतं आणि गवतावर कुणीच उभं नव्हतं. तिनं बोंडीला हाक मारली. तोवर बोंडी उतरली होती.

सावरी फळीवर आडवी पडली. मागची मेंढरं तिला ढुशा देत राहिली, पण ती हलली नाही. म्हणून चौदा वाचली. आरडाओरड्यानं तांडेल जागा झाला आणि आपल्याला कुणी उठवलं याची त्यानं आधी चौकशी केली.

परत आल्यावर सावरीनं फिर्याद केली. आता जंगलाचा कायदा वाळूपाशी संपत होता आणि समुद्राचा पाण्यापाशी सुरू होत होता. त्यामुळे दोन्हीकडे राहणाऱ्या कासवाला न्यायाधीश नेमलं. कासवानं तीन महिने ऐकून घेतलं. त्याला घाई कशाचीच नव्हती.

सावरीनं काही परत मागितलं नाही. बोंडी परत येणार नव्हती, हे तिला कळत होतं. फळी या दोघा माकडांनी लावली, एवढंच न्यायाधीशांनी चारचौघांत म्हणावं, अशी तिची मागणी होती.

"माझी पोर पाय घसरून गेली असं लोक म्हणतात," ती म्हणाली. "ती घसरली नाही, महाराज. तिला उतर म्हणून सांगितलं होतं."

झिपऱ्यानं सांगितलं की आपण 'बेट आलं' इतकंच म्हणालो, 'उतरा' म्हटलेलं नाही. टकल्याच्या सांगण्यानुसार फळी वाळत घातली होती. तांडेलानं प्रामाणिकपणे कबूल केलं की तो झोपेत होता, सबब कुणाविरुद्ध काही बोलणं त्याच्या तत्त्वात बसत नाही.

कासवानं बराच वेळ विचार केला. मग त्यानं सावरीला विचारलं, "अकरा जणं विश्वासानं उतरली. तुलाच तेवढा संशय का आला?"

"मी खाली पाहिलं, महाराज."

"गलबतावर बघायचं काम कुणाचं?"

सावरीला खरं तेच सांगावं लागलं. "खलाशांचं."

झालं. निकाल लागला. अकरा मेंढरं स्वखुशीनं उतरली. खलाशांनी प्रवाशांचं मन रमवलं. तांडेलाची झोप निर्दोष. गेलेल्यांसाठी कासवानं मान कवचात ओढून शोक पाळला, आणि तो इतका वेळ पाळला की अर्धी सभा घरी गेली. मान बाहेर आली तेव्हा शेवटचं कलम वाचलं गेलं : सावरीनं परवानगीशिवाय खलाशाचं काम केलं, म्हणून तिला यापुढे जन्मभर कुठल्याही गलबतावर पाय ठेवायला बंदी.

सावरी त्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. अंधार पडू लागला तेव्हा तिच्या बहिणींनी तिला घरी नेलं.

पुढच्या साली पुन्हा गवत संपलं. पुन्हा तेच गलबत धक्क्याला लागलं. मेंढरांची रांग लावणं सुरू झालं. सावरी मात्र शिक्षा भोगायला निघाली होती, म्हणजे खाडीला वळसा घालून आठ दिवस पायी, आणि शेवटी ओहोटी गाठून गुडघाभर पाण्यातून बेटावर.

रांगेतून दोन मेंढ्या हळूच बाजूला आल्या. इकडेतिकडे बघून एकीनं विचारलं, "सावरीमावशी, ही शिक्षा मिळायला गुन्हा कोणता करावा लागतो?"

सावरीनं गलबताकडे पाहिलं. माकडं फळी धूत होती.

"उतरण्याआधी खाली बघायचं," ती म्हणाली. "बाकीचं ते करतात."

तात्पर्य : प्रवासात वाकून खाली पाहू नये. पाहणारा वाचतो, आणि चौकशी वाचणाऱ्याचीच होते. बुडालेल्यांविषयी कुणाची काही तक्रार नसते.