माणूस काय म्हणून शोधील

दिगंबरकाकांना चहा हवा असला की ते आधी टेबलावर बोटानं दोनदा टकटक करतात, घसा साफ करतात आणि मग तीच गोष्ट दोनदा सांगतात. "चहा ठेवा. चहा ठेवा." नवख्या माणसाला वाटतं, म्हातारा चिडला. चिडलेले नसतात. सगळी नोकरी त्यांनी एसटी स्टँडावर माईकसमोर बसून गाड्या पुकारण्यात काढली. माईक चालू आहे का हे टकटक करून बघायचं आणि झोपलेल्या प्रवाशालाही कळावं म्हणून प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, हे त्यांच्या हाडात गेलं आहे. माझी बायको सुनीता म्हणते, काका वाण्याकडं गेले तरी साखर कुठल्या फलाटावर लागली ते विचारतील.

निवृत्तीनंतर माणसं भजनाला लागतात, नाहीतर भावकीच्या भांडणांना. काका वेबसाइटच्या मेटा टॅगांना लागले. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून शिकले आणि आता निम्म्या जिंतूरच्या दुकानांचं ते काम बघतात. मेटा टॅग म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. आपण मोबाइलवर काही शोधलं की एक यादी येते. तिच्यात एक ठळक ओळ असते आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी. त्या ओळी पानाच्या पोटात वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात. काकांच्या भाषेत वरची ठळक ओळ म्हणजे गाडीची पाटी आणि खालच्या दोन ओळी म्हणजे 'मार्गे'.

"गाडी आतून कशी हाय ते चढल्यावर कळतंय भाऊ," ते म्हणतात. "चढायचं का न्हाई, ते पाटी बघून ठरतंय."

गावातल्या एका दाताच्या डॉक्टरांनी मोठ्या हौसेनं वेबसाइट करून घेतली होती. शोधली तर पाटीच्या जागी एकच शब्द यायचा, होम. काका दवाखान्यात गेले, टकटक केली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाडीच्या पाटीवर 'गाडी' असं लिहून कुणी स्टँडात आणतंय का?" डॉक्टरांच्या खुर्चीत तोंड उघडून बसलेला पेशंटसुद्धा हसला म्हणतात. दुसरे एक मंगल कार्यालयाचे मालक. कार्यालय चारठाण्याच्या अलीकडं, पण पाटीवर परभणी पाहिजे, शिवाय भव्य पाहिजे, सुसज्ज पाहिजे, एक नंबर पाहिजे. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की पाटीवर परभणी लिहून गाडी चारठाण्याला नेऊन उभी केली तर लोक मालकाला सोडतात आणि पाटी लावणाऱ्याला धरतात. ते काम त्यांनी घेतलं नाही.

माझी येलदरी रोडला रोपवाटिका आहे. वेबसाइट मीही केली होती आणि तिची पाटी मी स्वतः, जीव ओतून लिहिली होती: 'निसर्गसान्निध्य – तुमच्या स्वप्नांना हिरवी पालवी'. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेला माणूस मी, तो थोडाच 'रोपं मिळतील' असं लिहिणार. वर्षभर त्या पालवीकडं कुणी फिरकलं नाही. शेवटी सुनीतानंच काकांना बोलावलं.

काकांनी ती ओळ मोबाइल लांब धरून वाचली. मग चष्मा काढून माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा तो ठरलेला प्रश्न टाकला, "माणूस काय म्हणून शोधील?"

मी म्हणालो, निसर्गाची ओढ असलेला माणूस शोधेलच की.

"ओढ असू द्या. शोधील काय म्हणून?"

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच येऊन रोपवाटिकेच्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले. संगणकाला हात नाही. येणारं गिऱ्हाईक तोंड उघडून काय म्हणतं तेवढं ऐकायचं. दिवसभरात एकानंही 'निसर्ग' म्हटलं नाही. 'कलमी आम्रवृक्ष' असं मी फलकावर रंगवून घेतलं होतं, त्याच फलकाला हात टेकून माणसं विचारत होती, "केशरची कलमं हायत का?" संध्याकाळी काकांनी नवी पाटी केली: 'केशर आंब्याची कलमं – येलदरी रोड, जिंतूर'. मार्गे म्हणून खाली लिहिलं, लिंबू आणि सीताफळाचीही रोपं, पाण्याच्या टाकीजवळ, येण्याआधी फोन करा. मला ते अगदी कोरडं वाटलं. मी निदान एक पालवी तरी ठेवा म्हणून बघितलं. काका म्हणाले, "पालवी झाडाला येऊ द्या."

मग त्यांनी मला थांबायला सांगितलं. पाटी बदलली की लगेच गर्दी होत नाही, लोकांच्या नजरेत बसायला वेळ लागतो, तोवर रोज उठून तिला हात लावायचा नाही. मी थांबलो. आंब्याच्या लागवडीचा हंगाम आला आणि मंठ्याहून, सेनगावहून, जिथं मला कुत्रं ओळखत नाही अशा गावांहून फोन यायला लागले. सुनीता अजून मला अधूनमधून पालवी म्हणून हाक मारते.

त्या हंगामाचे पेढे घेऊन मी काकांच्या घरी गेलो आणि दारातच थबकलो. घरभर पाट्या. पुठ्ठ्याचे तुकडे, त्यावर एसटीच्या पाटीसारखं जाड काळं अक्षर. रांजणावर पाटी, देवळीवर पाटी, मोरीच्या दारावर पाटी. वर नाव, खाली मार्गे. मिठाच्या बरणीवर लिहिलं होतं, 'मीठ. भाजीत चिमूटभर.' फ्रीजवर लिहिलं होतं, 'थंड कपाट. दूध इथं हाय.' मला हसू आवरेना. मी म्हणालो, काका, आता घरसुद्धा यादीत वर आणायचं ठरवलंय का?

काकू खाटेवर बसल्या होत्या. नेहमी मी दिसताच चुलीकडं वळणाऱ्या काकू नुसत्या बघत होत्या. चहा काकांनी केला. मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी टकटक केली नाही आणि जे सांगितलं ते एकदाच सांगितलं.

"हिचं इसरायलंय सगळं. परभणीच्या डॉक्टरला दाखवलं. वाढत जाणार म्हणला."

आधी त्यांनी पाट्या सगळे म्हणतात त्या नावांनी लिहिल्या होत्या. फ्रीजवर 'फ्रीज' लिहिलं आणि काकू त्यासमोर उभं राहून दूध शोधत राहिल्या. मग काका माझ्या फाटकाजवळ बसले होते तसे स्वयंपाकघरात पाट टाकून बसले. ती कशाला काय म्हणते ते ऐकायचं. फ्रीजला ती थंड कपाट म्हणते, तर थंड कपाट. ज्या बरणीची पाटी चालत नाही तिची पाटी बदलायची. हे सांगताना त्यांचा आवाज परत चढला होता. "सापडायला पायजे तिला. बाकी काय न्हाई. सापडायलंय हळूहळू."

पेढ्यांचा खोका माझ्या हातातच राहिला होता. मी हसलो होतो त्याची मला फार लाज वाटली.

पुढं एकदा काका रोपवाटिकेत आले ते शर्टाच्या खिशावर पाटी लावूनच. 'दिगंबर. तुझा नवरा. चहा करतो.' रोपं घ्यायला आलेली माणसं एकमेकांना कोपरानं ढोसत होती. काकांना त्याचं काही नव्हतं. काढायची राहिली असेल असं समजून मी खूण केली, तर म्हणाले, असू द्या, घरी परत लावायचीच हाय.

त्यानंतर बरेच दिवस ते दिसले नाहीत. भेटले तेव्हा खिसा रिकामा होता. मी काही विचारायच्या आतच बोलले.

"तिनं वाचली पाटी. मोठ्यानं वाचली. म्हणली, दिगंबर व्हय, या, बसा. ते भाईर गेलेत, येतील इतक्यात."

पाव्हणा म्हणून तिनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी पाव्हण्यासारखं बसून प्यायलं. काकूंच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. एवढ्या संसारात काकांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते असं. तिनं ते न लाजता घेतलं, तेव्हाच आपण तिला परके झालो हे त्यांना कळलं.

काका म्हणाले, "चूक माझी हाय भाऊ. लोकाला इचारत फिरलो, माणूस काय म्हणून शोधील. आन सोताची पाटी लावली कागदपत्रावरची. त्या नावानं ती मला कवा शोधलीच न्हाई." आणि केशरच्या कलमांना मी पाणी जास्त घालतोय असं मला सांगून ते निघून गेले. त्यांच्या चालण्यात हरलेल्या माणसाचं काही नव्हतं.

परवा मी त्यांच्या घरी मोगऱ्याचं रोप द्यायला गेलो. काकू दारात उंबऱ्याला धरून उभ्या होत्या, रस्त्याकडं बघत. हाक मारत होत्या, "अहो. अहो." आवाज बारीक, गर्दीत आपलं माणूस दिसेना की होतो तसा. मी ओट्याखालीच थांबलो. मागून काका आले, हाताला कणीक, आणि तिच्या समोर जाऊन उभे राहिले.

खिशावर नवी पाटी होती. तिच्यावर 'अहो' एवढंच लिहिलं होतं. मार्गे नाही, काही नाही.

काकूंनी पाटी बघितली. बोट लावून बघितली. मग मान वर करून चेहरा बघितला, बराच वेळ, आणि पदर सावरला.

"कुठं व्हता तुमी? किती हाका मारू?"

काकांनी दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केली. घसा साफ करायला त्यांना जरा वेळ लागला.

"इथंच व्हतो," ते म्हणाले. "इथंच व्हतो."