वामनकाकांचं कनेक्शन

समोरच्या माणसाला आधी नमस्कार करावा, हे वामनकाकांना कधी जमलं नाही. ते आधी त्याच्या कॉलरचं नाहीतर पदराचं सूत ओढायचे, दोन बोटांत ताणायचे आणि निकाल द्यायचे, "आखूड धागा. फसवलं तुले." माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांच्या फेट्यालाही सोडलं नव्हतं.

काका जिनिंगमध्ये ग्रेडर होते. कापूस चिमटीत धरून त्याची प्रत सांगण्यात उभी हयात गेली. मग बोंडअळीनं हंगामामागून हंगाम खाल्ले, कापसाच्या गाड्या थांबल्या, जिनिंगला कुलूप लागलं. काकू आधीच गेल्या होत्या. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत काका दिवसभर नुसते बसून असायचे.

तशात गल्लीत फायबर आलं. वायरमन केबल सोलत होता. काकांनी आतली काचेची तार मागून घेतली, उन्हात धरून पाहिली.

"मले पायजे हे."

"काका, तुमच्याजवळ तं साधा फोन हाय," मी म्हणालो. "नेट कायले पायजे?"

"तुले काय करायचं हाय?"

गल्लीतलं पहिलं कनेक्शन काकांचं. त्याला पासवर्ड नाही. "कुलूप पाह्यलं म्या जिनिंगले. आता घराले नाई लावत."

तेव्हा शाळा बंद होत्या, तास मोबाइलवर चालायचे. रोज सकाळी गल्लीतली पोरं काकांच्या ओट्यावर जमू लागली. काका दारात खुर्ची टाकून दरडावायचे, "मान वर करून बस! कुबड येईन!" आणि मधल्या सुट्टीत मुरमुऱ्याचा डबा फिरवायचे.

हळूहळू घरोघरी कनेक्शनं आली. सगळ्यांत शेवटी आमचं. माझी नेहा ओट्यावरची शेवटची. तिनं जाणं थांबवलं, तरी काका सकाळी ओटा झाडून चटई टाकतच राहिले.

आठवड्यानं ते आमच्या दारात आले. या वेळी माझ्या कॉलरकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"तुमचं नेट बराबर चालून राह्यलं न?"

"एकदम मस्त, काका."

"अधूनमधून बंद पडत असन?"

"नाही."

"बरं हाय," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरू लागले.

नेहा आतून ऐकत होती. तिनं भिंतीवरच्या नेटच्या डब्याचं बटण बंद केलं, मोबाइल आणि वही उचलली आणि पळत बाहेर आली.

"काका, थांबा! आमचं नेट गेलं!"

काका वळले. "जातेच थे!" ते खेकसले, तिच्या हातातली वही घेतली आणि पुढे चालू लागले.