मामाने विकलेले शेअर

ऑडिटरने बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याच्या शेअरवर बोट ठेवलं आणि हिशेबनीसाने आपली जाडजूड फाइल पुढे केली. हे शेअर त्याच्या कंपनीकडे होते खरे, पण बाजारात त्यांची खरेदी-विक्रीच होत नव्हती. मग भाव आणायचा कुठून? बिचाऱ्याने महिनाभर आकडेमोड करून शेअरला चारशे रुपये हा वाजवी भाव काढला होता.

“ते राहू द्या,” ऑडिटर म्हणाला. “या वर्षी एक विक्री झालीय, दहाच्या भावानं. खराखुरा व्यवहार असताना तुमचा अंदाज कोण धरणार?”

दहा धरले की कंपनी तोट्यात आणि अख्ख्या ऑफिसचा बोनस पाण्यात! हिशेबनीसाने विकणाऱ्याचं नाव वाचलं आणि तो ओरडलाच, “अहो, हा तर माझा सख्खा मामा!”

“असेल. भाव तो भाव.”

“पण त्यानं स्वतःहून कुठं विकले? माझ्या आईनं त्याचं कपाट आवरायला काढलं. म्हणाली, ही शेअरची रद्दी आजच्या आज घालव. त्यानं मारले शेजाऱ्याच्या गळ्यात!”

“सक्तीची विक्री असेल, तर तो भाव धरत नाहीत. पण मामांनी तसं सांगायला हवं. लावा फोन, स्पीकरवर.”

फोन आईने उचलला.

“आई? तू मामाकडे काय करतेयस?”

“आज त्याचं स्वयंपाकघर आवरायला काढलंय. बोल पटकन.”

हिशेबनीसाने फोन हळूच ऑडिटरपुढे सरकवला. शेवटी ऑडिटरनेच विचारलं, “शेअर विकायला मामांना कुणी भाग पाडलं का, एवढंच हवं होतं.”

“भाग? कोण पाडतंय भाग? एवढा साठीचा घोडा, आपल्या मर्जीनं विकले त्यानं. काय रे, सांग की त्यांना!”

लांबून बारीक आवाज आला, “हो ताई. राजीखुशीनं विकले.”

हिशेबनीसाने टेबलावर डोकं टेकलं. स्वतःच्या आईने सगळ्या ऑफिसच्या पोटावर पाय आणला होता, आणि उद्या सगळ्यांना तोंड यालाच दाखवायचं होतं.

ऑडिटरने फोन बंद केला. मग त्याने दहाचा आकडा खोडला.

“सक्तीची विक्री,” तो म्हणाला.

“पण मामा तर राजीखुशीनं म्हणाला!”

“ऐकलं मी ते,” ऑडिटरने उसासा टाकला. “मलाही थोरली बहीण आहे हो.”